दिलेली वस्तू संस्थेने विकली तर?

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोका पातळी ४५ फुटांची आहे. पाणी ओसरू लागताच राज्यभरातून मदतीचे टेम्पो आले आणि त्यांत धान्य, पाण्याच्या बाटल्या, औषधे यांच्याबरोबर जुन्या कपड्यांची गाठोडीही आली. धान्य संपले, पाणी संपले. गाठोडी मात्र समाजमंदिरांत आणि शाळांच्या व्हरांड्यांत पडून राहिली, कारण ज्यांचे घर चिखलाने भरले होते त्यांना त्या वेळी चटई, चादर, अंतर्वस्त्रे आणि भांडी हवी होती, कोणाचा तरी वापरलेला सफारी सूट नको होता. अशा उरलेल्या कपड्यांचे करायचे काय, हा प्रश्न पुराच्या काळात ठळकपणे दिसतो, पण वस्तुरूपाने मदत स्वीकारणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे तो बारा महिने असतो. संस्था त्यातले काही विकते. मग दाता कुठेतरी ते ऐकतो आणि विचारतो: आम्ही गरिबांसाठी फुकट दिलेले तुम्ही विकता कसे?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. दान आलेली वस्तू विकण्यात मुळात काही गैर नाही. अनेकदा तेच शहाणपणाचे असते. गैरप्रकार सुरू होतो तो वस्तू घेताना काय सांगितले, विकताना कोणाला आधी दाखवली आणि जे विकले गेले नाही ते कोणाच्या दारात टाकले, या तीन ठिकाणी.

आधी मालकीचे पाहू. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार जंगम वस्तूचे दान केवळ ताबा देण्यानेही पूर्ण होऊ शकते. त्यासाठी दरवेळी नोंदणीकृत दस्त करावा लागत नाही. म्हणजे आपण कपाट उचलून संस्थेच्या टेम्पोत ठेवले आणि संस्थेने ते स्वीकारले की ते संस्थेचे झाले. मात्र संस्थेचे झाले म्हणजे विश्वस्तांचे झाले, असे नव्हे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदवले जातात, त्यांना हिशेब ठेवावे लागतात आणि ते तपासून घ्यावे लागतात. न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कपडे, भांडी, सायकली, पुस्तके यांना ती लागत नाही. व्यवहार म्हणून हे समजण्यासारखे आहे, कारण प्रत्येक जुन्या पातेल्यासाठी आयुक्तांकडे अर्ज करणे हास्यास्पद होईल. परिणाम असा होतो की जंगम वस्तूंच्या विक्रीवर बाहेरची नजर फार कमी असते आणि सगळा भार विश्वस्तांच्या सचोटीवर व त्यांच्या वहीवर पडतो.

आता दात्याच्या हेतूकडे वळू. समजा, एका गृहस्थांनी आपल्या दिवंगत आईचे शिलाई मशीन संस्थेला दिले. त्यांनी नुसते ‘संस्थेला देतो’ म्हटले असेल, तर संस्थेने ते ३,००० रुपयांना विकून त्या पैशांत रुग्णांची औषधे घेतली तरी दानाचा हेतू पाळला गेला, कारण संस्थेचे काम पुढे गेले. ‘एखाद्या गरजू बाईला शिवणकामासाठी द्या’ असे सांगून त्यांनी ते दिले असेल आणि संस्थेने हो म्हटले असेल, तर विक्री म्हणजे दिलेला शब्द मोडणे होय. मग त्या पैशांतून कितीही चांगले काम होवो. योग्य बाई मिळाली नाही, तर दात्याला फोन करून विचारणे एवढा साधा उपाय असतो. तो न करता ‘शेवटी चांगल्याच कामाला गेले’ असे म्हणणे ही पळवाट आहे. तिसरा प्रकार आपत्तीचा. पूरग्रस्तांसाठी म्हणून गोळा केलेली वस्तू परस्पर विकून पैसे खिशात घालणे हा केवळ नीतीचा भंग नाही. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ५३व्या कलमानुसार मदतीसाठीच्या पैशांचा वा साहित्याचा अपहार हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे.

हेतूचा मान राखायचा, तर मग विकायचेच कशाला? हे समजण्यासाठी एखादे गाठोडे प्रत्यक्ष उघडून पाहावे. जुन्या नायलॉनच्या साडीत बांधलेली गाठ सुटते आणि आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. वरच्या थरात इस्त्री केलेले दोन शर्ट असतात; ते दिखाव्याचे. त्याखाली कॉलर विटलेले शर्ट, चेन तुटलेल्या पँटी, एका शाळेचे बोधचिन्ह असलेला गणवेश, लग्नात एकदाच घातलेला जरीचा परकर-पोलका, कोणाच्याच मापाचे नसलेले ब्लाउज, एक ब्लेझर आणि तळाशी एका पायाची चप्पल. श्रावणात आलेले गाठोडे चार दिवस तसेच राहिले तर मधल्या थराला बुरशी येते आणि मग चांगले कपडेही हातचे जातात. निवडायला बसलेल्या बाया हे सगळे पाच-सहा ढिगांत टाकत जातात: जसेच्या तसे देण्याजोगे, थोडे शिवून देण्याजोगे, विकण्याजोगे, वाकळेला लावण्याजोगे, चिंध्यांचे आणि फेकायचे. सुती लुगडी आणि धोतरे वाकळेला जातात. बनियन आणि टी-शर्ट यांचे तुकडे कारखान्यांत यंत्रे पुसायला चालतात. कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीत त्यांना गिऱ्हाईक मिळते. लोकर पानिपतपर्यंत जाऊ शकते, जिथे जुन्या लोकरीचे धागे पुन्हा कातून स्वस्त ब्लँकेटे विणली जातात, आणि तीच ब्लँकेटे पुढे कुठल्यातरी आपत्तीत मदत म्हणून वाटली जातात. कृत्रिम धाग्याची फाटकी साडी मात्र कोणालाच नको असते.

त्या ब्लेझरचा विचार करू. पलूस तालुक्यातल्या शेतमजुराला तो दिला तर त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. तोच सांगलीत मुलाखतीला निघालेल्या एखाद्या पदवीधराने दोनशे रुपयांना घेतला, तर त्याचे काम होते आणि त्या दोनशे रुपयांत शेतमजुराच्या घरी नवी चादर पोचते. वस्तू जशी आली तशीच गरिबाच्या हाती गेली पाहिजे हा आग्रह धरला, तर आपण गरिबाला त्याच्या गरजेप्रमाणे मदत करत नाही. आपल्या कपाटात जे उरले त्याप्रमाणे करतो. विक्रीच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद मला दिसत नाही. त्याशिवाय गोदामाचे भाडे, हमाली, डिझेल आणि निवडणाऱ्या बायांची मजुरी असा खर्च असतोच. फुकट आलेली वस्तू संस्थेला फुकट पडत नाही.

आपल्याकडे या विक्रीची सवय नाही असेही नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईला भाविकांनी वाहिलेल्या साड्या देवस्थान समिती विकते आणि लोक त्या प्रसाद म्हणून आनंदाने नेतात. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते आणि त्याचे उत्पन्न देवस्थानच्या हिशेबात दिसते. देवीला साडी वाहणाऱ्या बाईला ही साडी देवी रोज नेसणार नाही हे ठाऊक असते. पुढे काय होते तेही ठाऊक असते. म्हणून तिची फसवणूक होत नाही. संस्थेच्या बाबतीत चीड येते ती विक्रीची नसते. पत्रकावर उघड्या अंगाच्या मुलाचा फोटो छापून कपडे मागितले आणि ते कपडे घाऊक व्यापाऱ्याला किलोवर दिले, या विसंगतीची ती चीड असते.

पाश्चात्त्य देशांत हे प्रश्न आपल्या आधी आले, कारण तिथे दानवस्तूंची विक्री हा शतकाहून जुना व्यवहार आहे. अमेरिकेत बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने १९०२मध्ये गुडविलचे काम सुरू केले. श्रीमंत घरांतून जुन्या वस्तू गोळा करायच्या, गरीब आणि स्थलांतरित लोकांना त्या दुरुस्त करण्याचे काम द्यायचे, आणि विक्रीतून त्यांची मजुरी काढायची, ही त्याची पद्धत. इथे विक्री हे निधीचे साधन नव्हते, तर काम मिळवून देणे हेच दान होते. ब्रिटनमध्ये ऑक्सफॅमचे ऑक्सफर्डमधील दुकान १९४७चे. तिथे आज दानवस्तूंची दुकाने जवळजवळ प्रत्येक गावाच्या पेठेत असतात, त्यांना स्थानिक करांत मोठी सूट मिळते आणि शेजारचा दुकानदार त्याबद्दल कुरकुरतो.

ब्रिटनमधली एक व्यवस्था मात्र मला विशेष उल्लेखनीय वाटते. तिथे देणगीवर दात्याने भरलेल्या आयकराचा काही भाग सरकारकडून संस्थेला मिळतो, पण ही सोय पैशांच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. म्हणून दुकानांनी मार्ग काढला. दाता वस्तू देताना अर्ज भरतो, वस्तू विकली जाईपर्यंत ती त्याचीच राहते, संस्था त्याची अडत्या म्हणून ती विकते, किती पैसे आले ते त्याला कळवते आणि ते पैसे दान करायचे की परत घ्यायचे हे विचारते. मार्केट यार्डात हळद विक्रीला लावणाऱ्या शेतकऱ्याला ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. हेतू संस्थेला कराचा तो भाग मिळवून देण्याचा असला, तरी या व्यवस्थेत दात्यापासून काहीही लपत नाही, हा तिचा नैतिक फायदा आहे.

आता किमतीकडे येऊ. विकायचे ठरले तर किती रुपयांना आणि कोणाला? भाव फार कमी ठेवला, तर सकाळी दार उघडताच जुन्या बाजारातले विक्रेते चांगला माल उचलतात आणि गरजू माणूस दुपारी येतो तेव्हा उरलेले असते. भाव बाजाराइतका ठेवला, तर ज्याच्यासाठी संस्था काढली तो दारातूनच परत जातो. मला दोन दरवाजांची पद्धत बरी वाटते: रोजच्या वापराचे कपडे आणि भांडी नाममात्र किमतीत, माणशी ठराविक नगांची मर्यादा घालून; आणि पैठणी, कॅमेरा, शिसवी फर्निचर यांसारख्या वस्तू वेगळ्या काढून पूर्ण बाजारभावाने, शक्यतो जाहीर लिलावाने. नाममात्र किंमत घेण्यालाही अर्थ आहे. दहा रुपये मोजणारा माणूस कपडा हातात घेऊन उलटा-पालटा करतो, शिवण पाहतो, नापसंत असेल तर ठेवून देतो. फुकट घेणाऱ्याला आपल्याकडे एवढे स्वातंत्र्य क्वचितच मिळते, त्याला हातात पडेल ते घेऊन वर फोटोसाठी उभे राहावे लागते. तरीही ज्याच्याकडे दहा रुपयेही नाहीत त्याच्यासाठी, चारचौघांत न विचारता, तोच कपडा मोफत देण्याची सोय दुकानात असायला हवी.

आणि सर्वांत नाजूक जागा दुकानाच्या आतली आहे. माल सर्वांत आधी पाहतात ते कार्यकर्ते. ‘एवढी एक साडी मी घेते, पैसे टाकते’ असे म्हणणाऱ्या बाईंचा हेतू वाईट नसतो, पण किंमत त्याच ठरवणार आणि त्याच घेणार असतील, तर संस्थेचे नुकसान झाले की नाही हे कोणालाच कळत नाही. नियम सोपा ठेवता येतो. कार्यकर्त्यांनी वस्तू विकत घ्यायची तर ती दुकानात मांडून काही दिवस लोटल्यावर, दुसऱ्याने लावलेल्या किमतीला, आणि वहीत नाव लिहून. विश्वस्तांच्या नातेवाइकाला भंगाराचा ठेका देणे याच जातीचे, फक्त आकडा मोठा.

मूल्य न ओळखणे हाही एक दोष आहे, आणि आपल्या सांगली जिल्ह्यात तर तो घडण्याची शक्यता जास्त. मिरजेत सतारमेकरांच्या पिढ्या तंबोरे आणि सतारी घडवत आल्या आहेत; भोपळे पंढरपूर भागातून येतात, ते वाळवून कोरून त्यावर तबली म्हणजे वरची लाकडी पाटी बसवली जाते, आणि या वाद्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एखादे जुने घर रिकामे होताना माळ्यावरचा तारा तुटलेला तंबोरा भांड्यांबरोबर संस्थेकडे जातो. निवडणाऱ्याला तो तुटका भोपळा वाटतो आणि भंगारवाला पन्नास रुपयांत तो घेऊन जातो. जाणत्या कारागिराला दाखवला असता तर तो दुरुस्त होऊन वाजता झाला असता आणि संस्थेला शंभरपट रक्कम मिळाली असती. विश्वस्ताचे काम नुसते चोरी न करण्याचे नाही. आलेल्या वस्तूची योग्य किंमत मिळवण्याची वाजवी खटपट करणे हेही त्यातच येते. वर्षातून दोनदा एखादा सोनार, एखादा जुन्या पुस्तकांचा जाणकार आणि एखादा वाद्यकारागीर यांना बोलावून किमतीबद्दल शंका असलेल्या वस्तू दाखवल्या तरी पुष्कळ साधेल.

काही वस्तूंना विक्रीचा प्रश्न लागूच होत नाही. औषधे विकायला परवाना लागतो, त्यामुळे दान आलेली औषधे संस्थेच्या दुकानात मांडता येत नाहीत, डॉक्टरांकडची नमुन्याची पाकिटे तर मुळीच नाहीत. जुना मोबाइल किंवा संगणक आतली माहिती पूर्ण पुसल्याशिवाय विकणे म्हणजे दात्याचे घर उघडे टाकणे. कपड्यांच्या खिशांत सापडणारी कागदपत्रे, पासबुके आणि कधीमधी अंगठी, ही दान नव्हेतच; ती परत करायची असतात.

विक्रीचा फटका कोणाला बसतो हेही पाहिले पाहिजे. आपल्या गल्लीत डोक्यावर स्टीलची भांडी घेऊन येणारी बोहारीण जुन्या साड्यांच्या बदल्यात पातेले देते, घासाघीस करते, कपडे धुऊन-शिवून जुन्या बाजारात विकते. तिला माल मिळवायला भांडी खर्चावी लागतात. संस्थेला तोच माल फुकट मिळतो, वर लोक पुण्य लागेल या भावनेने चांगल्यातला देतात. मग संस्थेने बाजारात तिच्याही खालचा भाव लावला, तर एका गरिबाच्या नावाने दुसऱ्या गरिबाच्या पोटावर पाय येतो. दानधर्माच्या चर्चेत या बाईचे नाव कोणी घेत नाही, याचे मला नवल वाटते. तिच्याशी स्पर्धा करण्याऐवजी निवडलेला माल तिला ठराविक दराने विकणे ही संस्थेसाठीही सोपी वाट आहे.

हीच गोष्ट जगाच्या पातळीवर फार मोठ्या प्रमाणात घडते. श्रीमंत देशांतल्या दानपेट्यांतून दुकानात न खपलेला माल गाठी बांधून आफ्रिकेत आणि आशियात जातो. घानाची राजधानी अक्रा इथल्या कांतामांतो बाजारात या गाठी न उघडता विकत घेतल्या जातात. आत चांगला माल निघाला तर नफा, चिंध्या निघाल्या तर कर्ज, आणि निरुपयोगी कपडे शेवटी गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर. रवांडाने आपला वस्त्रोद्योग वाचवण्यासाठी २०१६मध्ये जुन्या कपड्यांवरचे आयातशुल्क किलोमागे ०.२० डॉलरवरून २.५० डॉलरपर्यंत वाढवले, तेव्हा अमेरिकेने २०१८मध्ये रवांडाच्या कपड्यांना मिळणारी करसवलत थांबवली. दुसरीकडे त्या बाजारांवर हजारो कुटुंबे जगतात, त्यामुळे हा व्यापार उद्या बंद करा म्हणणेही सोपे नाही. एवढे मात्र म्हणता येईल की न खपणारा माल स्वतः निस्तरण्याचा खर्च उचलायचा नाही आणि तो ‘मदत’ या नावाखाली पुढे ढकलायचा, हे दान नव्हे. सांगलीच्या संस्थेने फाटक्या साड्यांचा टेम्पो जत किंवा आटपाडीच्या एखाद्या वस्तीवर रिकामा केला तर तो प्रकार वेगळा ठरत नाही.

विक्री आणि फुकट वाटप यांच्यामध्ये आणखी एक वाट आहे. अंशू गुप्ता यांनी १९९९मध्ये स्थापन केलेली ‘गूंज’ ही संस्था गावाला आपले काम आपणच ठरवायला सांगते: विहीर उपसणे, रस्ता करणे, तलावाचा गाळ काढणे. काम झाले की त्यात राबलेल्यांना कपडे आणि घरगुती सामान दिले जाते. उरलेल्या सुती कापडापासून सॅनिटरी पॅड बनवले जातात. गुप्ता यांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या पद्धतीत घेणाऱ्याची मान खाली जात नाही, हे खरे. मात्र श्रमाची किंमत जुन्या कपड्यांत चुकवली जाते का, ही शंका विचारण्याजोगी आहे, आणि तिचे उत्तर ते काम गावाने खरोखर स्वतःसाठी निवडले होते का यावर अवलंबून राहील.

मजुरीचा मुद्दा इथे राहून जाऊ नये. अमेरिकेत १९३८च्या एका कायद्याने अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी पगार देण्याची मुभा ठेवली होती आणि गुडविलच्या काही शाखांनी तिचा वापर केल्याने त्यांच्यावर बरीच टीका झाली. आपल्याकडे हेच ‘सेवा’ या शब्दाखाली होते. निवडणाऱ्या बायांना दिवसभर बुरशीच्या धुळीत बसवून हातावर नाश्ता आणि प्रवासखर्च ठेवायचा, ही गोष्ट दुकानाच्या नफ्यात दिसत नाही. मास्क, हातमोजे आणि रीतसर मजुरी हा खर्च विक्रीतून सर्वांत आधी वजा झाला पाहिजे.

दात्याने काय करावे? वस्तू देण्यापूर्वी संस्थेला दोनच गोष्टी विचाराव्यात: यातले काय विकता, आणि विक्रीचे पैसे कुठे जातात. प्रामाणिक संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. तिने तर गोळा करण्याच्या पत्रकावरच लिहावे की आलेल्या वस्तूंपैकी काही थेट दिल्या जातात, काही विकल्या जातात, विक्रीची रक्कम अमुक कामाला जाते आणि वस्तू विकू नये अशी इच्छा असल्यास तसे सांगावे, म्हणजे आम्ही ती घेऊ किंवा नम्रपणे नाकारू. नाकारण्याचा हक्क संस्थेने जरूर वापरावा. एका पायाची चप्पल पाठवणाऱ्या दात्याच्या भावना दुखावल्या तरी चालतील. विक्री वाढत गेली, तर हिशेबाचे कामही वाढते: न्यासाला आपल्या उद्दिष्टाला पूरक असा व्यवसाय करता येतो, पण त्याच्या वह्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. आणि ज्या न्यासाचे उद्दिष्ट ‘सर्वसामान्य लोकोपयोग’ या ढोबळ सदरात येते, त्याला १९६१च्या प्राप्तिकर कायद्याने अशा व्यवसायातून येणाऱ्या जमेवर एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली. गरिबांना साहाय्य, शिक्षण आणि वैद्यकीय मदत ही उद्दिष्टे या मर्यादेबाहेर ठेवलेली आहेत.

ज्याला आपली वस्तू कोणी विकावी हे मनापासून रुचत नाही, त्याच्यासाठी एक जुनी वाट उघडी आहे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. काय विकायचे, केव्हा आणि कशासाठी, हे त्यांनी स्वतः ठरवले. आपणही कपाट, सायकल किंवा चांदीचे ताट स्वतः विकून रक्कम संस्थेला देऊ शकतो. त्यात आणखी एक व्यावहारिक फरक पडतो. देणगीवरची प्राप्तिकर सवलत (१९६१च्या कायद्यातले ८०-जी कलम) वस्तूंच्या दानाला मिळत नाही, पैशाच्या देणगीला मिळते. तीही २,००० रुपयांच्या वरची रक्कम रोख दिली तर मिळत नाही, धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी लागते. पावती मात्र दोन्ही वेळा मागावी, आणि वस्तू दिली असेल तर पावतीवर तिचे नाव आणि ती कशासाठी दिली तेही लिहून घ्यावे.